ब्लॉकवरचे आकडे: जुन्या गाडीच्या इंजिनाचा कास्टिंग नंबर कसा शोधायचा, कसा वाचायचा

जुनी गाडी घेताना मुंबईत बहुतेक जण आरसी बुक उघडतात, त्यातला इंजिन नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या बिडाच्या मुख्य ठोकळ्यावर, ठोकलेल्या नंबराशी ताडून पाहतात आणि जुळला की निश्चिंत होतात. तेवढ्यावर भागत नाही. ठोकलेला नंबर पंच आणि हातोडी हाताशी असलेला कोणीही पुन्हा ठोकू शकतो. ब्लॉक ओतताना साच्यातूनच वर आलेला उठावाचा नंबर मात्र नंतर बदलणं फार अवघड. फार तर तो घासून काढता येतो, आणि घासलेली जागा लपत नाही. म्हणून ब्लॉक आपली हकिगत स्वतः सांगतो ती या उठावाच्या आकड्यांत.

तीन नंबर, तीन कामं

पहिला कास्टिंग नंबर. हा त्या साच्याचा, म्हणजे त्या आराखड्याचा नंबर. एकाच साच्यातून हजारो ब्लॉक निघतात आणि सगळ्यांवर हाच नंबर असतो. त्यावरून ब्लॉक कोणत्या घराण्याचा ते कळतं. ही गाडी कोणाची, हे इंजिन तिच्यात पहिल्यापासून आहे का, हे त्यातून कळत नाही.

दुसरा कास्टिंगचा दिनांक. हाही उठावाचाच, पण रोज बदलावा लागत असल्यामुळे कारखान्यात तो छोट्या पट्टीवर लावून साच्याला स्क्रूने बसवत. म्हणून पुष्कळ ब्लॉकवर तारखेच्या दोन्ही टोकांना स्क्रूच्या डोक्याचा गोल ठसा, कधी त्यातली खाचसुद्धा, लोखंडात उमटलेली दिसते. असा ठसा दिसला की तारीख तिथेच आहे असं समजा.

तिसरा ठोकलेला इंजिन नंबर. तो मशिनवर सपाट केलेल्या छोट्या जागेवर, म्हणजे पॅडवर, खोल मारलेला असतो. आरसीत येतो तो हा.

हात फिरवूनही फरक कळतो. उठावाच्या आकड्याच्या कडा गोलसर असतात आणि अंगावर आजूबाजूच्या बिडासारखाच वाळूचा खरखरीतपणा असतो. ठोकलेल्या आकड्याच्या कडा धारदार आणि बोटाला आत गेलेल्या लागतात.

इंजिनावर आणखीही आकडे असतात आणि इथेच गोंधळ होतो. हेडवर, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणावर, हेडचा वेगळा कास्टिंग नंबर असतो, मॅनिफोल्डवर, म्हणजे हवा-धुराच्या नळ्यांच्या जोडावर, मॅनिफोल्डचा. ब्रिटिश ए-सिरीजच्या हेडवर १२जी९४० दिसला तर ते हेड १२७५ सीसीवाल्या इंजिनांचं आहे एवढंच ठरतं, खालचा ब्लॉक वेगळाच असू शकतो. काही इंजिनांवर फायरिंग ऑर्डरही उठावात लिहिलेली असते. सहा सिलिंडरच्या इंजिनावर १५३६२४ दिसलं तर तो कास्टिंग नंबर नव्हे, ठिणगीचा क्रम आहे.

डावं-उजवं आधी पक्कं करा

अमेरिकेत छापलेल्या याद्यांत “ड्रायव्हरची बाजू” आणि “पॅसेंजरची बाजू” असं लिहिलेलं असतं. तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, आपल्याकडे उजवीकडे. यादी जशीच्या तशी वाचून लोक तासभर चुकीच्या बाजूला टॉर्च मारत बसतात. म्हणून एकच सवय लावून घ्या: गाडीत बसून समोर पाहताना आपला डावा हात तो डावा, उजवा हात तो उजवा. बॉनेटपुढे उभं राहिलात की ते उलटं होतं. या लेखात डावं-उजवं याच अर्थाने आहे.

साहित्य आणि सफाई

सामान थोडं लागतं: पाव लिटर रॉकेल, नाही मिळालं तर डिझेल; पितळी तारांचा छोटा ब्रश; जुना टूथब्रश; लाकडाची किंवा प्लॅस्टिकची खरवडणी; पांढरा खडू; टॉर्च; दांडीवरचा छोटा आरसा; मऊ पेन्सिल आणि पातळ कागद; मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती, लिंबाएवढी. पितळी ब्रश आणि आरसा नागदेवी स्ट्रीटला सहज मिळतात. लोखंडी तारांचा ब्रश, ग्राइंडर आणि ड्रिलला लावायचं तारांचं चाक घरीच ठेवा. घाईघाईत पुसले गेलेले पॅड याच हत्यारांनी पुसले जातात.

इंजिन पूर्ण थंड हवं. सेल्फच्या (स्टार्टर मोटरच्या) आसपास काम असेल तर बॅटरीची बॉडीला जोडलेली, म्हणजे अर्थची, वायर आधी काढा, नाही तर पाना किंवा ब्रशची तार चुकीच्या ठिकाणी टेकून ठिणगी पडते, आणि खाली रॉकेल सांडलेलं असतं. गाडीखाली जायचं असेल तर जॅकवर विश्वास ठेवू नका, घोड्या लावा.

आधी जाड चिकटा खरवडणीने काढा. मग रॉकेल लावून पंधरा मिनिटं थांबा. लगेच घासायला घेतलं तर चिकटा पातळ होऊन आकड्यांच्या कोपऱ्यांत बसतो आणि ३ चा ८ दिसायला लागतो. पंधरा मिनिटांनी टूथब्रश, आणि गंज असेल तिथे पितळी ब्रश हलक्या हाताने. पितळी ब्रश फक्त उठावाच्या नंबरासाठी वापरा. ठोकलेल्या पॅडला कापड आणि टूथब्रश पुरे.

रंगाचे थर ही इथली खरी अडचण. विक्रीआधी इंजिनाला चांदी किंवा काळा रंग मारायची गॅरेजवाल्यांना सवय असते आणि दोन-तीन थरांखाली आकडे बुजून जातात. त्यावर जेलसारखा पेंट रिमूव्हर लावा, दहा-पंधरा मिनिटांनी प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला, गरज पडली तर पुन्हा लावा. हातमोजे घाला, आणि तो रबरी पाइपांवर, वायरिंगवर किंवा बॉडीच्या रंगावर पडू देऊ नका.

साफ झालेलं बीड उघडं ठेवलं तर पावसाळ्यात काही तासांतच नारिंगी होतं. माहीम, वरळी किंवा कुलाब्यासारख्या खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात इतर ऋतूंतही फार वेळ लागत नाही. फोटो झाले की लगेच इंजिन ऑइलचं बोट फिरवा.

वाचायची पद्धत

टॉर्च समोरून मारू नका. समोरच्या उजेडात उठाव सपाट दिसतो आणि आकडे हरवतात. टॉर्च ब्लॉकच्या भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरा. प्रत्येक आकड्याची सावली एका बाजूला पडते आणि मघाशी न दिसलेला नंबर एकदम उभा राहतो. मग टॉर्च वरून, डावीकडून, उजवीकडून अशी फिरवा आणि प्रत्येक वेळी फोटो घ्या. एका कोनातून ५ वाटलेला आकडा दुसऱ्या कोनातून ६ निघतो.

खडूचा उपयोग इथे होतो. खडू टोकाने नव्हे, आडवा धरून आकड्यांवरून हलकेच फिरवा. फक्त उंच भाग पांढरा होतो, खोलगट भाग काळाच राहतो. ठोकलेल्या नंबरासाठी याच्या उलट: पॅडवर पातळ कागद घट्ट धरून पेन्सिल आडवी फिरवा, आकडे पांढरे उमटतात.

डोळा पोचत नाही तिथे माती कामाला येते. मातीच्या गोळ्याला किंचित टाल्कम पावडर लावा म्हणजे ती चिकटणार नाही, बोटाने जागेवर दाबा, सरळ मागे ओढा. छाप उलटी येते. फोटो काढून फोनमध्ये आडवी पलटवा. आरशातून घेतलेल्या फोटोचंही तसंच. नंबर ब्लॉकवर उलटा ओतलेला असू शकतो, तेव्हा ६ आणि ९ ठरवण्याआधी शेजारचा ४ किंवा ७ कोणत्या दिशेला उभा आहे ते पाहा.

एखादा आकडा खरंच कळत नसेल तर तो अंदाजाने भरू नका. त्या जागी टिंब टाका आणि दोन्ही शक्यता यादीत शोधा. सहसा त्यातली एकच तुमच्या इंजिनाला लागू पडते.

कुठल्या गाडीत कुठे

शेव्हरोले. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली, त्यामुळे मुंबईत जुन्या शेव्हरोले बऱ्याच. जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनात ठोकलेला नंबर उजव्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरच्या मागच्या पॅडवर असतो. उठावाचे आकडेही आधी त्याच भिंतीवर शोधा. स्मॉल ब्लॉक व्ही-आठमध्ये (व्ही आकारात आठ सिलिंडर असलेल्या इंजिनात) कास्टिंग नंबर इंजिनाच्या अगदी मागे, गिअरबॉक्सचं बेलहाऊसिंग जिथे जोडतं त्या कडेच्या वर, डावीकडे असतो. तारीख बहुधा त्याच कडेवर उजवीकडे. फायरवॉल (केबिनकडची पत्र्याची भिंत) आणि इंजिन यांच्यामध्ये फोन उलटा घालून व्हिडिओ काढणं सगळ्यांत सोपं. ठोकलेला पॅड मात्र पुढे, उजव्या हेडच्या टोकाशी असतो.

तारखेत महिन्याचं अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर, मधलं एकही अक्षर गाळलेलं नाही. ‘सी ५ ९’ म्हणजे ५ मार्च, आणि वर्ष ९ ने संपणारं. ते १९६९ की १९७९, हे कास्टिंग नंबरावरून आणि बाकीच्या खुणांवरून ठरवावं लागतं.

इथली सगळ्यांत मोठी चूक ३९७००१० या नंबराबद्दल होते. ‘०१० ब्लॉक’ म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि विकणारा तो दाखवून “साडेतीनशेचं इंजिन” म्हणतो. पण याच ब्लॉकवर ३०२, ३२७ आणि ३५० घनइंच अशी तिन्ही इंजिनं बनली. तिन्हींचा बोर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४ इंचच. फरक क्रँकचा, म्हणजे स्ट्रोकचा (पिस्टनच्या वर-खाली धावेचा): ३ इंच, ३.२५ इंच आणि ३.४८ इंच. आत कोणता क्रँक आहे हे ब्लॉकचा नंबर सांगू शकत नाही.

फोर्ड. १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या फोर्डचा नंबर वाचायला सगळ्यांत सुखाचा, कारण तो स्वतःच बोलतो. ‘सी५एई-६०१५-ई’ घ्या. सी म्हणजे १९६० चं दशक, बी १९५० चं, डी १९७० चं. ५ म्हणजे त्या दशकातलं वर्ष, इथे १९६५. पुढचं अक्षर तो भाग कोणत्या गाडीसाठी आखला ते सांगतं: ए मोठ्या गाड्यांसाठी, झेड मस्टँगसाठी, डी फाल्कनसाठी, एस थंडरबर्डसाठी. त्यापुढचा ई म्हणजे इंजिन विभाग, ६०१५ म्हणजे ब्लॉक, शेवटचं अक्षर सुधारणेचं. पण हे आराखड्याचं वर्ष आहे, ओतण्याचं नव्हे. आणि आखला मोठ्या गाडीसाठी म्हणून तो मस्टँगमध्ये नसेल असंही नाही. हाच सी५एई-६०१५-ई, २८९ घनइंचाचा ब्लॉक, मस्टँगमध्येही बसलेला आहे. स्मॉल ब्लॉक फोर्डवर तो उजव्या बाजूला, सेल्फच्या वर-मागे असतो. सेल्फ उतरवला की काम निम्मं होतं.

फोर्डच्या तारखेचा क्रम वेगळा: आधी वर्षाचा आकडा, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस. आणि फोर्ड ‘आय’ हे अक्षर वापरत नाही, त्यामुळे सप्टेंबरपासून सगळं एकाने सरकतं. ‘५के१२’ म्हणजे १२ ऑक्टोबर १९६५. शेव्हरोलेच्या ब्लॉकवर हाच के नोव्हेंबर असतो. दोन्हींची सारणी एकाच कागदावर शेजारी-शेजारी लिहून खिशात ठेवा.

त्याआधीच्या फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच असलेल्या) व्ही-आठवर अशी पद्धत नाही. तिथे हेडचे बोल्ट मोजा: जुन्या इंजिनात प्रत्येक हेडला २१, नंतरच्यात २४. १९४६ ते १९४८ च्या ब्लॉकवर मागे बेलहाऊसिंगच्या माथ्यावर ५९ने सुरू होणारी खूण उठावात असते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या व्ही-आठ फोर्डमध्ये नंबर ब्लॉकवर नसून क्लच हाउसिंगवर आणि फ्रेमवर ठोकलेला असे, त्यामुळे ब्लॉकवर नंबर नाही म्हणून घाबरू नका.

डॉज, प्लिमथ, डिसोटो. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, म्हणून हे फ्लॅटहेड सहा सिलिंडरचं इंजिन मुंबईला ओळखीचं आहे. ठोकलेला नंबर डाव्या बाजूला पुढे, डायनॅमोच्या वर. पी१५ने सुरू झाला तर १९४६ नंतरचा प्लिमथ, डी२४ने सुरू झाला तर डॉज. एका इंजिनाचं दुसऱ्या गाडीत जाणं इतकं सर्रास आहे की टेप काढून हेडची लांबी मोजाच. अमेरिकेत बनलेल्या प्लिमथ-डॉजचं हेड २३ इंचांच्या आसपास, डिसोटो आणि क्रायस्लरचं, तसंच कॅनडात बनलेल्यांचं, २५ इंचांच्या आसपास. दोन इंचांचा हा फरक कोणत्याही नंबरापेक्षा लवकर सत्य सांगतो.

पी१५ (२१८ घनइंच) आणि डी२४ (२३० घनइंच) यांचा बोर एकच, ३.२५ इंच. वेगळेपण स्ट्रोकचं: ४.३७५ इंच आणि ४.६२५ इंच, म्हणजे साधारण १११ आणि ११७.५ मिमी. सुदैवाने हे हेड न उघडता मोजता येतं. सहाव्या सिलिंडरच्या डोक्यावर एक छोटा प्लग असतो. स्पार्क प्लग सगळे काढा, इग्निशन बंद ठेवा, तो छोटा प्लग खोला. ३० सेंटिमीटरची पितळी सळई घ्या, वरचं टोक काटकोनात वाकवा म्हणजे ती आत पडणार नाही, आणि पिस्टनवर टेकवा. हँडलने इंजिन सावकाश फिरवा. सळई सर्वांत वर आणि सर्वांत खाली असताना हेडच्या पातळीला खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे स्ट्रोक. सळई तिरकी झाली तर माप चुकतं, म्हणून तीन वेळा मोजा.

फियाट आणि पद्मिनी. इथल्या ११०० आणि पद्मिनीचं पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचं, बोर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. इटलीतल्या ११००डीमध्ये ७२ मिमी बोरचं १२२१ सीसीचं इंजिन होतं. बाहेरून आलेला ब्लॉक असल्याची शंका असेल तर हेड उतरल्यावर बोर मोजणं हा खात्रीचा मार्ग. मात्र बोर ६८ पेक्षा अर्धा-पाऊण मिलिमीटर जास्त आला तर ते केवळ बोअरिंग केल्याचं, म्हणजे झिजलेला सिलिंडर कातून मोठा केल्याचं, लक्षण आहे. स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आत बसवलेली नळी, टाकलेली असेल तर वरून बारीक वर्तुळाकार रेघ दिसते.

विलिस जीपमध्ये ठोकलेला नंबर उजव्या बाजूला पुढे, वॉटर पंपाच्या मागे. जुन्या जीपमध्ये आणि मोठ्या अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिन बसवायची लाटच होती, तेव्हा नंबर शोधण्याआधी स्पार्क प्लग आहेत का ते बघा.

तारखा एकमेकींशी जुळवा

एकटा नंबर काही सिद्ध करत नाही. क्रम असा हवा: ब्लॉक ओतला, मग इंजिन जुळवलं, मग गाडी बनली, मग नोंदणी झाली. शेव्हरोले व्ही-आठच्या पॅडवर कारखान्याचं अक्षर आणि महिना-दिवस ठोकलेले असतात. ‘व्ही०३१२’ म्हणजे फ्लिंटच्या कारखान्यात १२ मार्चला जुळवलेलं इंजिन. ब्लॉकची तारीख ५ मार्च असेल तर ठीक. ब्लॉक त्याच वर्षीच्या २० एप्रिलचा असेल तर इंजिन ओतण्याआधीच जुळवलं असं होतं, आणि याचा अर्थ पॅडवरचा नंबर नंतर ठोकलेला आहे.

ओतण्यापासून जुळवण्यापर्यंत सहसा काही दिवस ते काही आठवडे जातात. आपल्याकडे जोडलेल्या गाड्यांत गाडीची तारीख आणखी पुढे जाते, कारण सुटे भाग पेट्यांत भरून जहाजाने यायचे आणि मग जोडले जायचे. त्यामुळे परदेशी याद्यांतली मुदत मुंबईत जोडलेल्या गाडीला तशीच लावू नका. आरसीवरचं नोंदणीचं वर्ष आणि बनावटीचं वर्ष एकच असेल असंही धरू नका.

पॅड खोटा आहे का

कारखान्यात पॅड आणि हेड बसायची पातळी एकाच मशिनवर कापली जाते, त्यामुळे पॅडवर एका दिशेने जाणाऱ्या बारीक समांतर रेघा राहतात. भिंगाखाली त्या दिसायला हव्यात, आणि आकड्यांनी त्या तोडलेल्या असायला हव्यात. पॅड आरशासारखा गुळगुळीत असेल, रेघा गोल-गोल किंवा तिरक्या असतील, किंवा पॅड आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित खाली असेल, तर कोणीतरी जुना नंबर घासून काढला आहे. ब्लॉकची वरची पातळी प्रामाणिकपणे मशिन केली तरीही नंबर जातो, पण तेव्हा उठावाचा कास्टिंग नंबर आणि तारीख शाबूत असतात. दोन्ही एकदमच नाहीसे असतील तर तो ब्लॉक घेऊ नका.

बाजारात आणि आरटीओत

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा चोर बाजारात इंजिन जमिनीवर सुटं पडलेलं असतं. गिअरबॉक्स नसल्यामुळे मागची कडा उघडी असते, हा फायदा पुरता घ्या. बिलावर ठोकलेला इंजिन नंबर लिहून घ्या. कास्टिंग नंबर लिहिलेलं बिल निरुपयोगी, कारण तो हजारो ब्लॉकवर सारखाच असतो. दुसरं इंजिन बसवलं तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीत त्याची नोंद करून घ्यावी लागते. ठोकलेला नंबर गंजाने खाल्ला असेल तर स्वतः पंच मारू नका. जसा आहे तसा फोटो काढून ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, जे कार्यालय तुमचं असेल तिथे आधी अर्ज करा.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी तरतूद आहे. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्यात मोठे फेरबदल झालेले नसावेत, ही त्यातली मुख्य अट. अर्जाआधी स्वतःची फाइल तयार ठेवा: कास्टिंग नंबर, कास्टिंगची तारीख आणि पॅड यांचे प्रत्येकी दोन फोटो, एक जवळून आणि एक इंजिनाची बाजू ओळखू येईल इतक्या लांबून, सोबत इंजिन आणि चासी नंबराची पेन्सिलने घेतलेली छाप, तीन-तीन प्रती. छाप पॅड कोरडा असतानाच घ्या. तेलकट पॅडवर कागद घसरतो आणि आकडे दुहेरी उमटतात. छाप झाली की मग तेल लावा.